श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर सर्फिंग शिकायचं तर मुक्काम कुठे करावा?

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत आठवडाभर दोघं श्रीलंकेला जाताय, दोघांनाही पोहता येतं पण सर्फबोर्डवर कधी पाय ठेवलेला नाही, एक जण शाकाहारी आहे आणि रिसॉर्टपेक्षा छोटं, घरगुती हॉटेल हवंय. तर हिक्कडुवा, मिरिस्सा, वेलिगामा आणि अरुगम बे यांतलं काय निवडावं.

वेलिगामा निवडा, आणि सगळा आठवडा तिथेच राहा. रोज गाव बदलून बॅगा भरत बसलात तर त्या किनाऱ्याचा निवांतपणा हाती लागणारच नाही.

अरुगम बे या वेळी सोडून द्या. तो पूर्व किनाऱ्यावर आहे आणि तिथला हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. दक्षिण-पश्चिम किनाऱ्याचं याच्या उलट: मे ते सप्टेंबर तिथे नैऋत्य मोसमी पावसाने समुद्र खवळलेला असतो आणि नोव्हेंबर ते एप्रिल लाटा स्वच्छ, एकामागून एक शिस्तीत येतात. त्यामुळे फेब्रुवारी दक्षिणेसाठी अगदी योग्य.

वेलिगामाच का, तर पायाखाली वाळू आहे म्हणून. अर्धचंद्रासारखा लांबलचक उथळ किनारा आहे. लाट दूरवर फुटते आणि तिचा फेस कितीतरी वेळ किनाऱ्याकडे धावत राहतो. नवशिक्याला नेमका हाच फेस लागतो. शिकवणारा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मागून येणाऱ्या लाटा न्याहाळत असतो. तुम्ही बोर्डावर पालथे. चार-पाच लाटा तो जाऊ देतो, मग मनासारखी आली की बोर्ड पुढे ढकलतो आणि ओरडतो, ‘अप!’ त्या क्षणी छातीपाशी हात टेकून एका दमात उठायचं, गुडघे वाकवायचे आणि नजर समोरच्या माडांवर ठेवायची. पायांकडे पाहिलंत की पडलात! पडताना सूर मारू नका, अंग सैल सोडून आडवे पडा आणि वर येताना हात डोक्यावर धरा, कारण बोर्ड मागून येत असतो. फोमचा मोठा बोर्डच मागा. अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट हवाच, नाहीतर पोट आणि कोपर सोलवटून निघतात.

जवळच मिदिगामाला फार सुंदर लाटा आहेत, पण तिथे खाली प्रवाळाचे खडक आहेत. पहिल्या आठवड्यात तिथे बोर्ड घेऊन जाऊ नका, किनाऱ्यावर बसून जाणत्यांना बघा. आणि कुठल्याही किनाऱ्यावर पाण्याला ओढ लागली तर थेट किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या, मग वळा.

हॉटेल ठरवताना नकाशा नीट बघा. गॉल–मातरा हमरस्ता वेलिगामात समुद्राला अगदी खेटून जातो आणि तिथल्या बसगाड्या भोंगा वाजवत सुसाट धावतात. म्हणून ‘समोर समुद्र’ या जाहिरातीला भुलू नका. आतल्या गल्लीत, माडाफणसाच्या सावलीत, खाली घरमालक आणि वर तीन-चार खोल्या अशी गेस्टहाऊसं आहेत. पंखा, मच्छरदाणी, स्वच्छ संडास-बाथरूम आणि सकाळची न्याहारी एवढं मिळालं की पुरे. स्थानिक न्याहारी हवी असेल तर आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.

त्या न्याहारीत इंदिअप्पा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, मिळतात. कोकणातल्या शिरवाळ्यांची सख्खी बहीण म्हणा, फक्त इथे गुळाच्या नारळरसाऐवजी परिप्पू, म्हणजे नारळाच्या दुधातली मसूरडाळ, आणि लालभडक पोल संबोल असतो. शाकाहाऱ्यांनी इथे सावध राहावं: खोबऱ्याच्या या चटणीत ‘उंबलकड’, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा, बहुतेक घालतातच, आणि तो कधी भाजीतही असतो. ‘व्हेज’ एवढं म्हणून भागत नाही. उंबलकड नको, असं त्याचं नाव घेऊन सांगा. दुपारी भाताबरोबर फणस, बीट, भोपळा, हिरव्या पालेभाज्या अशा चार-पाच भाज्या येतात, त्यामुळे उपाशी राहायची वेळ येत नाही. म्हशीचं घट्ट दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी चुकवू नका.

जाताना कोलंबो फोर्ट स्टेशनवरून मातऱ्याची गाडी धरा आणि उजवीकडची खिडकी पकडा. रूळ कितीतरी अंतर समुद्राला लागूनच आहेत. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागतं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इथेच एक भरलेली रेल्वेगाडी लाटेखाली सापडली आणि हजारावर माणसं गेली. तिथे स्मारक आहे. एखाद्या दिवशी मुद्दाम जाऊन या, या किनाऱ्यावरच्या लोकांना समजून घ्यायचं तर ते पाहायला हवं.

एक दिवस गॉलच्या डच किल्ल्याला द्या. वाटेत उनवटुनाजवळ रुमस्सलाची टेकडी आहे. हनुमान संजीवनीचा डोंगर नेत असताना त्याचा तुकडा इथे पडला, असं तिथले लोक सांगतात. मिरिस्साहून देवमासे बघायच्या बोटी सुटतात. जी बोट त्यांच्यापासून अंतर राखते, तीच घ्या. कोग्गलाला समुद्रात रोवलेल्या खांबावर बसून मासे धरणाऱ्या कोळ्यांसाठी मात्र मी वेगळी खेप करणार नाही, तिथे आता मासेमारी कमी आणि पैसे घेऊन फोटो काढू देणं जास्त चालतं.

तारखा पक्क्या करण्याआधी माघी पौर्णिमा बघून घ्या. दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, देशभर सुट्टी असते आणि दारूविक्री बंद असते. या पौर्णिमेच्या सुमारास कोलंबोत गंगाराम विहाराची हत्तींसह मोठी मिरवणूक निघते. ती तुमच्या परतीच्या आदल्या रात्री येत असेल तर मुक्काम कोलंबोत ठेवा आणि मिरवणूक जरूर बघा. फक्त विमानतळ शहराच्या बराच उत्तरेला आहे, तेव्हा निघताना हाताशी वेळ ठेवा.