आधी मराठीत म्हणून बघ

प्रिय मुली,

रविवारी तू वही उघडून पुढे ठेवलीस आणि मी काही बोलले नाही, त्याचं तुला वाईट वाटलं असणार. कुठली भाषा शिकावी हे ठरवायला डावीकडे बल्गेरियन, उजवीकडे कोरियन, मधे पट्टीने मारलेली रेघ. लिपी, विभक्ती, क्रियापदं, आणि तळाशी लाल शाईत ११०० तास, २२०० तास. "मावशी, म्हणजे कोरियन दुप्पट अवघड ना?" असं तू विचारलंस. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर माझा आवाज चढला असता, म्हणून आता लिहिते आहे.

ते आकडे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचे आहेत. इंग्रजी बोलत वाढलेल्या त्यांच्या अधिकाऱ्यांना वर्गात किती तास बसावं लागतं, त्याचा तो हिशेब. तू इंग्रजी बोलत वाढलीस का? मग तो हिशेब तुझ्या वहीत कशाला?

पुस्तक सांगतं, कोरियन वाक्य उलटं असतं, क्रियापद शेवटी येतं. उलटं कुणाला? आपलंही शेवटीच येतं. शब्दाला मागून प्रत्यय चिकटतात, तेही आपल्यासारखंच. 'मॉगॉ ब्वा' हे दोन शब्द शिकवायला इंग्रजी पुस्तकं अख्खा धडा खर्च करतात. तू मराठीत म्हण : खाऊन बघ. झालं. 'मॉगॉ' खाऊन, 'ब्वा' बघ. खाऊन टाक, लिहून ठेव, करून दे, सगळं याच साच्यातलं. 'हाराबॉजी ओशॉस्सॉ' म्हणजे 'आजोबा आलेत रे'. मान आजोबांना आणि सलगी ऐकणाऱ्याशी, दोन्ही एका वाक्यात. आपण हे रोज करतो, त्याची तुला भीती कसली वाटते?

लिपीचंही तेच. कोरियाच्या राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार करून १४४६ मध्ये जाहीर केलेल्या त्या अक्षरांचं जगभर कौतुक होतं, आणि व्हायलाच हवं. जीभ घशाजवळ उचलली जाते तो आकार म्हणजे त्यांचा 'ग', त्यातच एक रेघ वाढवली की 'ख'. पण क-च-ट-त-प घोकलेल्या मुलीला उच्चाराच्या जागेनुसार लावलेली अक्षरं नवी कशी वाटतील? दोन संध्याकाळी पुरतील. बल्गेरियनच्या तीस अक्षरांना फार तर आठवडा.

आता बल्गेरियन. तू लिहिलं आहेस, 'नामाला विभक्ती नाही, म्हणून सोपी'. रशियन शिकून गेलेल्या मलाही तसंच वाटलं होतं. सूचक शब्द नामाच्या मागे लागतो, क्निगा म्हणजे पुस्तक आणि क्निगाता म्हणजे ते ठरावीक पुस्तक. तो 'ता' आपल्या तो-ती-तेच्याच घराण्यातला आहे. मधाला मेद, धुराला दिम, शंभराला स्तो. मधु, धूम, शत आठव. हे सगळं छान आहे, पण बल्गेरियन अडवते ती क्रियापदात.

बल्गेरियात प्लोवदिव शहरात चार महिने एका आजींच्या घरी राहत होते. नळ गळत होता, मिस्त्री यायचा होता. जिन्यात शेजारीण भेटली, म्हणाली, मिस्त्री आलाय. मी वर जाऊन आजींना म्हटलं, "मायस्तरत दोय्दे." मिस्त्री आला. आजी हातातलं पीठ तसंच ठेवून, पाकीट घेऊन तीन मजले खाली उतरल्या. खाली कुणी नव्हतं. धापा टाकत वर आल्या आणि एवढंच विचारलं, "विद्या ली गो?" पाहिलंस का त्याला? मी पाहिलं नव्हतं. 'दोय्दे' म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत आला. ऐकीव असेल तर 'दोशल' म्हणायचं. व्याकरणात मी हे वाचलं होतं, उदाहरणंही सोडवली होती, पण सगळी इंग्रजीतून. इंग्रजीत दोन्ही वाक्यं सारखीच उतरायची. मराठीत एकदा म्हणून बघितलं असतं तर? मिस्त्री आला. मिस्त्री आला म्हणे. तो 'म्हणे' लहानपणापासून माझ्या तोंडात होता!

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं. मी झाले नाही. दहा वर्षांनी कोरियन शिकले तीही इंग्रजी पुस्तकातूनच, कारण दुसरं पुस्तक मिळत नव्हतं. मिळत नव्हतं हे खरं, पण मनातल्या मनात मराठी करायला पुस्तक लागत नाही. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी दुभाषी होते. कोरियन साहेब म्हणाले, "बुपुमी नॅइल ओन्दॅयो." मी सांगितलं, सुटे भाग उद्या येतायत. सकाळची पाळी बोलावली गेली, माणसं बसून राहिली, ट्रक आला नाही. साहेब 'वायो', म्हणजे नुसतं 'येतायत', म्हणाले नव्हते, 'ओन्दॅयो' म्हणाले होते. उद्या येतायत म्हणे. शेवटचा तो 'म्हणे' मी गाळला होता. चूक माझी होती आणि ती मी तिथेच कबूल केली. वर्षभराने नोकरी सोडली. तुझी आई तुला सांगते की मावशीला कोरियन झेपली नाही. तसं नाही ग. मला भाषा येत होती. मी ती चुकीच्या दाराने आत घेतली होती, आणि पन्नाशीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. तुझ्याकडे ते आहे, म्हणून तुला इतकं बोलते.

मराठी सगळीकडे हात देत नाही, हेही सांगून ठेवते. कोरियनमध्ये तास मोजायचे ते देशी आकड्यांनी आणि मिनिटं चिनी वळणाच्या, ते पाठच करावं लागतं. बल्गेरियनला 'वाचायला' असं मोकळं क्रियारूपच नाही. 'मला वाचायचंय' म्हणताना ते 'इस्कम दा चेता' म्हणतात, मला हवं की मी वाचते. रुमानियन, अल्बेनियन, ग्रीक या शेजारणींच्या सहवासात ही सवय लागली. कानडीच्या शेजाराने मराठीला लागलेल्या सवयी आठवल्या तर नवल वाटणार नाही, पण पाठांतर चुकत नाही. तिथे घासायचंच. मात्र आधी मराठीत म्हणून बघायचं, कुठे जुळतं ते पाहायचं, आणि जिथे जुळत नाही तिथेच तास घालवायचे.

दोहोंतली कुठली, हे मी सांगणार नाही. दोन्ही एकदम मात्र घेऊ नकोस.

येत्या रविवारी ये. ती वही आणू नकोस. आठवडाभरात घरात, बसमध्ये, कॉलेजात कानावर पडलेल्या दहा बातम्या मराठीत लिहून आण. समोर काय घडलं ते एका रंगात, कुणी सांगितलेलं दुसऱ्या रंगात. मग बसू. थालीपिठाची भाजणी दळून आणलेली आहे.

तुझी,
मावशी