ओल्या तळहातांची धास्ती

परीक्षा जवळ आल्या किंवा घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की "हातांना फार घाम येतो, लोक काय म्हणतील?" ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येते. अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करणारा तरुण, त्याला आपण निखिल म्हणू, हीच तक्रार घेऊन आला. घामामुळे हजेरीच्या यंत्रावर अंगठा उमटत नसे आणि मागे रांगेत कोणी ते पाहू नये म्हणून तो पाळीच्या पाऊण तास आधीच कारखान्यात पोहोचत असे. घाम कमी व्हावा या आशेने त्याने ऐन मे महिन्यात पाणी पिणे कमी केले होते, आणि एक व्हिडिओ पाहून बॅटरीच्या तारा सोडलेल्या पाण्यात हात बुडवण्याचा बेतही आखला होता.

हे दोन्ही मी आधी थांबवले. पाणी तोडल्याने तळहात कोरडे होत नाहीत. उष्माघाताला मात्र निमंत्रण मिळते. सौम्य विद्युतप्रवाहाचा उपचार खरोखर आहे, पण तो योग्य यंत्रावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो, आणि पेसमेकर बसवलेल्यांना व गर्भवतींना तो वर्ज्य आहे.

शरीर तपासल्याशिवाय घाम भीतीच्या खाती मांडायचा नाही, हा माझा शिरस्ता आहे; म्हणून निखिलला प्रथम त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. लहानपणी किंवा किशोरवयात सुरू झालेला, दोन्ही हातांना सारखा येणारा आणि झोपेत थांबणारा घाम बहुधा दुसऱ्या आजाराचा नसतो, आणि तो पुष्कळदा घराण्यातही आढळतो. याउलट रात्री कपडे भिजत असतील, वजन घटत असेल, ताप येत असेल किंवा मोठ्या वयात अचानक घाम सुरू झाला असेल, तर थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग किंवा चालू असलेले एखादे औषध यांचा विचार करावा लागतो. छातीत दुखून घाम फुटला, तर समुपदेशकाकडे न येता थेट रुग्णालय गाठावे. निखिलला ॲल्युमिनियम क्लोराइडचे लोशन मिळाले : रात्री पूर्ण कोरड्या हातांना लावायचे आणि सकाळी धुऊन टाकायचे. त्वचा ओली असली की ते झोंबते.

घाम कमी झाला, धास्ती मात्र तसूभरही हलली नाही. माझे खरे काम इथून सुरू झाले.

"हात ओले असले तर काय होईल?"

"समोरच्याच्या लक्षात येईल, सर."

"आल्यावर?"

"तो मला घाबरट समजेल."

"समजला, तर वाईट वाटेल की असह्य होईल?"

तो बराच वेळ गप्प राहिला. "वाईट वाटेल," तो म्हणाला, "पण आजवर असह्य होईल असंच धरून चाललो होतो."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर का असतो, हे अशा वेळी कळते. घाम येऊ नये ही इच्छा रास्तच आहे. तो येताच कामा नये हा हट्ट मात्र मनाला हातांवर पहारा करायला लावतो, त्या पहाऱ्याने ताण वाढतो, आणि तळहातांच्या घर्मग्रंथी तर मानसिक ताणाला विशेष दाद देतात. मी त्याला एकच गृहपाठ दिला : लपवणे सोडून सुपरवायझरला सरळ सांगायचे. त्याने सांगितले. "मग हजेरीचं कार्ड का नाही मागितलंस?" साहेब म्हणाले, "वेल्डिंगच्या दोघांचे ठसे झिजलेत, त्यांना दिलंच आहे की." वर्षभराची लपवाछपवी एका वाक्यात निकालात निघाली, आणि हे सांगताना तो पहिल्यांदा मोकळेपणी हसला.

पुढे त्याने हातांचा घाम थांबवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारले. तिने हात कोरडे होतात, परंतु पुष्कळांना पाठीवर, पोटावर, मांड्यांवर भरपाईचा घाम सुटतो आणि तो कायमचा राहू शकतो, म्हणून ती सर्वांत शेवटी. बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा परिणाम काही महिनेच टिकतो. घाम कमी करणाऱ्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, आणि घामच रोखला गेल्याने उन्हात काम करणाऱ्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात, तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत. हे सारे डॉक्टरांशी बोलून निखिलने लोशनच चालू ठेवले आणि शस्त्रक्रियेचा विषय सोडून दिला.