एक फुटाच्या टाकीत कोणते मासे ठेवावेत? वास्तूलाही चालतील असे सुचवा

प्रश्नातलं दुसरं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलेच नसते. ऑफिसच्या टेबलावर एक फुटाची टाकी ठेवायची आहे, दहा-बारा लिटर पाणी मावतं, एवढंच विचारलं असतंत तर कुणीतरी चांगलं उत्तर दिलंच असतं. पण तुम्ही वास्तू आणलीत.

घाई असेल तर उत्तर घ्या आणि जा. एक नर फायटर, म्हणजे मोठ्या शेपटीचा बेट्टा मासा. एकच. सोबत हवं तर दोन गोगलगायी. फायटर नको असेल तर मासेच नकोत, टाकीत आठ-दहा चेरी श्रिंप, म्हणजे इवल्या लाल कोळंब्या, सोडा. गोल्डफिश एकही नाही, आणि वास्तूवाल्यांचे 'आठ सोनेरी, एक काळा' तर मुळीच नाही.

आता त्या आठ-एकचं सांगते.

२०१६ च्या जूनमध्ये अकोल्यात आमच्या घराची वास्तुशांत झाली. माझ्या मोठ्या नणंदबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, तुमच्याच मापाची टाकी घेऊन आल्या. निळे खडे, प्लास्टिकचं झाड, बुडबुडे सोडत उघडमीट करणारा शिंपला, आठ गोल्डफिश आणि एक ब्लॅक मॉली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की टाकी ईशान्येला ठेवायची, आणि मासा मेला तर वाईट वाटून घ्यायचं नाही, कारण तो घरावरची पीडा घेऊन जातो.

पाचव्या दिवशी सकाळी एक गोल्ड पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून उभा दिसला. कल्ले लालभडक, तोंडाची सारखी उघडझाप. स्वयंपाकघरात चहा गाळताना मला त्याचा बारीक 'पच् पच्' आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, भूक लागली असेल. मी चिमूटभर दाणे टाकले. त्यानं खाल्ले नाहीत म्हणून आणखी टाकले. संध्याकाळी तो गेला.

अक्कांना फोन केला. म्हणाल्या, "काहून तोंड पाडतं व? पीडा घेऊन गेला थो."

पुढच्या आठवड्यात नळ आला त्या दिवशी (आमच्याकडे नळ रोज येत नाही, हे अकोल्याबाहेरच्यांना सांगावं लागतं) मी टाकी उपसली, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळपिळून पांढरा केला आणि ताजं पाणी भरलं. त्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता, मला आला होता, तरी भरलं. रात्रीत तीन गेले. राहिलेले दोन-दोन दिवसांच्या अंतरानं. शेवटी उरलेली काळी मॉली ज्या दिवशी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांची स्कूटर पावसात घसरली आणि फक्त कोपर खरचटलं.

झालं! त्या कोपरानं माझा खटला कायमचा हरवला. आमच्या घरात आजही कुणी धडपडून उठलं की "मॉलीनं वाचवलं" म्हणतात.

अक्कांनी दुसरी खेप पाठवली, कारण रिकामी टाकी घरात ठेवू नये. मी आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. मुलांना रोज 'निरीक्षण करा, कारण शोधा' म्हणून बजावायचं आणि घरात पीडा म्हणून गप्प बसायचं, याची मला लाज वाटायला लागली. अमोनिया तपासायचा किट मागवला. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक. माझं पाणी आधी पोपटी झालं, मग कडुलिंबाच्या जून पानासारखं गडद. डबीवरच्या रंगपट्टीत त्याच्या पुढे रंगच नव्हता. अक्का तेव्हा राखीला आल्या होत्या. मी नळी त्यांच्यासमोर धरली आणि म्हटलं, "अक्का, ही बघा पीडा. हिला अमोनिया म्हणतात."

अक्कांनी चष्मा लावून नळी नीट पाहिली. म्हणाल्या, "मंग थे अमोनिया कोनं आनलं? पीडेनंच ना."

याला काय उत्तर द्यायचं ते मला नऊ वर्षांत सुचलेलं नाही. तुम्हाला मात्र सांगते, अमोनिया माशांनीच आणला होता. मासा खातो आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात सुटतो. उरलेले दाणे कुजले की त्यात भर. स्पंजवर, खड्यांवर जीवाणू बसलेले असतील तर ते अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. पण हे जीवाणू पुरेसे जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत ते नसतातच, आणि जे थोडे बसले होते ते मी स्वतःच्या हातांनी नळाखाली पिळून टाकले. शंभर लिटरच्या टाकीत हीच चूक केली असती तर कदाचित निभावलं असतं. बारा लिटरमध्ये नाही. त्यातून खडे घातल्यावर आणि वर दोन बोटं जागा सोडल्यावर बारा लिटरचे नऊच उरतात. लहान टाकी सोपी म्हणून लोक तिच्यापासून सुरुवात करतात. अहो, सोपी मोठी असते!

आणि गोल्ड हा वीतभर होणारा मासा आहे. नीट ठेवला तर दहा वर्षं सहज जगतो. आमच्याकडे पंधरवड्यात नऊ गेले. याला पीडा टळणं म्हणत असतील तर म्हणोत.

तर, फायटर. त्याला कल्ल्यांखेरीज डोक्यात एक जादा अवयव असतो, त्यानं तो पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतो. म्हणून तो कमी प्राणवायूच्या पाण्यात टिकतो, आणि म्हणूनच दुकानदार त्याला प्लास्टिकच्या ग्लासात ठेवून "ह्याला टाकी लागत नाही, ताई" म्हणतात. दुकानातला ग्लास म्हणजे एसटी स्टँड. तिथे रात्र काढता येते, संसार थाटता येत नाही. "थायलंडमध्ये हे डबक्यातच राहतात" असंही ऐकवतील. राहतात की. पण ती डबकी म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांसारखी, भातखाचरांसारखी. पाणी घोटाभर, पसारा एकरभर. अमोनिया फायटरलाही मारतोच, तो फक्त जरा उशिरा मरतो.

वर दोन बोटं हवा आणि झाकण, कारण तो उडी मारतो. फिल्टर स्पंजचा आणि हवा मंद, मोठ्या शेपटीला प्रवाह झेपत नाही. दिवसाला तीन-चार दाणे. दुसरा नर नको, मादीही नको. आणि त्याचा फुगलेला अवतार बघायला पाहुण्यांसमोर आरसा धरू नका, एवढं माझ्यासाठी करा.

ऑफिसात ठेवणार म्हणताय, तर खरा धोका शनिवार-रविवारच्या सुट्टीचा नाही. दोन दिवस उपाशी राहून फायटरला काही होत नाही. धोका सोमवार ते शुक्रवारचा. येणारा-जाणारा प्रत्येक जण "बिचारा उपाशी दिसतोय" म्हणत चिमूट टाकतो. दाण्यांची डबी ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवा.

उन्हाळ्याचं बोलायला हवं. बाहेरच्या देशांतले लोक व्हिडिओत सारखं हीटर-हीटर करतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि लहान टाकी खोलीबरोबर तापते. फायटरला २५ ते २८ अंश मानवतं, ३१ ला तो सुस्तावून पानाखाली पडून राहतो, पण तरतो. गोल्ड थंड पाण्यातला जीव, त्याला हे सोसत नाही. मी टाकी कूलरच्या वाऱ्यात ठेवते. दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी आटतं. दोन दिवसांत बोटभर. ती तूट बोअरच्या पाण्यानं भरू नका. वाफ नुसत्या पाण्याची होते, क्षार मागेच राहतात. आटलेलं भरून काढायला आरओचं पाणी, आणि आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा तो दिवसभर बादलीत मुरवलेल्या नळाच्या पाण्यानं, वर क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंब टाकून. डिसेंबरात मात्र आमच्याकडेही २५ वॅटचा छोटा हीटर लागतो.

कुणी गप्पी सुचवेल. हिवताप विभागाचे लोक विहिरीत, टाक्यांत डासांच्या अळ्या खायला सोडतात तेच हे मासे, फुकटही मिळतात. (हे नाव गप्पांवरून आलेलं नाही. १८६६ मध्ये त्रिनिदादहून हा मासा ब्रिटिश म्युझियमला पाठवणाऱ्या गृहस्थाचं आडनाव गप्पी होतं. माझ्या शिकवणीतली मुलं यावर विश्वास ठेवत नाहीत.) आमचं अकोला पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी जड आणि खारट. गप्पीला ते मानवतं. ठेवायचेच तर तीन नर ठेवा, मादी एकही नको. नर काढून टाकला तरी मादी साठवलेल्या बीजावर महिनोन् महिने पिल्लं देते. मी 'फक्त दोन माद्या' ठेवून पाहिल्या आहेत. दसऱ्याला दोन होत्या, होळीला मोजणं सोडून दिलं.

श्रिंप ठेवलेत तर माशांचं तांबंवालं औषध टाकीत कधीही टाकू नका, सगळे जातील. टेट्रा म्हणजे झुंडीनं राहणारे छोटे मासे, त्यांची झुंड या मापात नको. दुकानदार बोटाएवढा 'शार्क' देईल, तो मीटरभर वाढणारा पंगस आहे. काच साफ करतो म्हणून सकर देईल, तो फूटभर होतो. आणि नकोसा झाला म्हणून नदीत सोडू नका. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, सकर जाळ्यात आला की काय शिव्या देतात ते.

आधी सांगायला हवं होतं ते आत्ता सांगते: मी तज्ज्ञ नाही, बारा लिटरवर नऊ वर्षं काढलेली बाई आहे. तुम्ही गाव लिहिलेलं नाही. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी हलकं असतं, तिथे माझं खारटपणाचं गणित लागू नाही. आणि फायटर-गोगलगाय जमतेच असं नाही, एकानं माझ्या गोगलगाईच्या मिशा खुडून खाल्ल्या होत्या.

वास्तूचं म्हणाल तर ईशान्येला पाण्याचा तांब्या ठेवा, वर एक फूल. त्याला अमोनिया होत नाही.

मागच्या दिवाळीत माझा निळा फायटर गेला. तीन वर्षं झाली होती, शेवटी शेवटी दाणा दिसत नसे, नाकाशी धरावा लागायचा. अक्कांचा फोन आला, "काय टळलं व?" मी म्हटलं, काही टळलं नाही अक्का, म्हातारा झाला होता. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं. पन आठ दिवस त्याले स्कूटर नको चालवू देऊ."