संत्र्याच्या केकनंतर उरलेल्या पाण्याचं काय करू?

प्रश्न : ताई, यंदा मृग बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर येणारी संत्री घरात भरपूर आली. एका रविवारी दोन कामं एकदम काढली. सालींची कँडी केली, आणि अख्खी संत्री उकडून सालीसकट वाटून बदामाचा केक केला. दोन्ही छान जमलं. पण आता ओट्यावर पातेलंभर पिवळसर पाणी आहे आणि बरणीत दोनेक वाट्या पाक. सासूबाई म्हणतात, "फेकतं काहून वं? वास कितीक मस्त येऊन राह्यला!" मुलगा म्हणतो, सगळं सरबतात घाल. तुम्ही सांगा.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : हे छापून येईपर्यंत तुमचं पातेलं केव्हाच घासून पालथं पडलं असेल, तेव्हा हे पुढच्या खेपेसाठी धरा. मृग बहार अजून थोडे दिवस आहे, आणि तो हुकला तर दिवाळीच्या मागेपुढे संत्र्याचा दुसरा बहार, आंबिया, आहेच.

सासूबाईंचं वासाबद्दल बरोबर आहे. पण वासावर जाऊ नका, चमचाभर चाखून बघा. तुमच्याकडे उरलेल्या या दोन वस्तू अगदी वेगळ्या आहेत. पाक म्हणजे घबाड. पाणी मात्र बहुतेक वेळा मोरीत जाण्याच्याच लायकीचं असतं, आणि ते ओतताना अन्न टाकल्याचं पाप वगैरे मनात आणू नका.

आधी पाण्याचं बघू. अख्खं संत्रं उकळलं की सालीतलं तेल वाफेबरोबर निघून जातं. घरभर सुटलेला वास तोच असतो, म्हणजे पातेल्यात तो फारसा उरलेलाच नसतो. पाण्यात उतरतो तो कडवटपणा. संत्र्याच्या बिया आणि सालीच्या आतला पांढरा थर यांच्यात लिमोनिन नावाचा कडू पदार्थ तयार होतो. आंबटपणा आणि उष्णता मिळाली की तो वाढत जातो. संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि ठेवला की कडू होतो, त्यामागेही हेच कारण आहे. त्यामुळे हे पाणी आटवून 'अर्क' करायला जाल, तर पाणी उडेल आणि कडूपणा दुप्पट होईल. मुलाला सांगा, सरबत नाही.

दुसरं म्हणजे, संत्री कुठून आली? काटोल-नरखेडकडच्या ओळखीच्या बागेतून आली असतील तर फवारणी कधी झाली ते विचारता येतं. बाजारातून आणलेल्या चकचकीत फळांवर मेणाचा थर असू शकतो आणि फवारणीचा अंशही. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून चोळून धुतली तरी पहिल्या उकळीचं पाणी मी पोटात जाऊ देत नाही. कँडीसाठी साली तीन पाण्यांत उकळतात, त्यातलं पहिलंही असंच.

मग पाण्याला काहीच उपयोग नाही का? खाण्यात एकच, आणि तो चांगला आहे : मार्मलेड, म्हणजे सालीसकट केलेला संत्र्याचा जॅम. तिथे थोडा कडवटपणा हवाच असतो. शिवाय पांढऱ्या थरातलं नि बियांतलं पेक्टिन पाण्यात उतरलेलं असतं, ते मार्मलेड घट्ट व्हायला मदत करतं. फळं खात्रीची असतील तर साध्या पाण्याऐवजी हे पाणी घ्या, चार संत्र्यांचा गर, एका लिंबाचा रस, कापलेल्या साली आणि गराइतकी साखर. बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोबत उकळा आणि शेवटी काढून घ्या. गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलला की सुरकुती पडली पाहिजे. हे सगळं स्टीलच्या पातेल्यात. आंबटाला ॲल्युमिनियम नको.

खाण्याबाहेर म्हणाल तर वाडगाभर पाणी मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं उकळा आणि दार बंदच ठेवा. वाफेने आतले डाग सुटतात, फडक्याने पुसून घ्या. झाडांना घालायचं असेल तर पूर्ण गार करून, आणि त्यात साखर, मीठ, सोडा काही नको. साखरेचं पाणी कुंडीत घातलंत तर मुंग्या पंगत मांडतील. इंटरनेटवर या पाण्याने केस, चेहरा, फरशी, देवघरातली तांब्याची भांडी सगळंच धुवायला सांगतात. तांब्याला खरी आंबट वस्तू लागते. त्याला लिंबू-मीठ लावा आणि मोकळ्या व्हा.

आता पाक. तिसऱ्या पाण्यानंतर साली साखर-पाण्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवल्यात ना? म्हणजे कडूपणा आधीच्या पाण्यांबरोबर बराचसा गेला आणि सालीचा स्वाद साखरेत उतरला. बाजारातल्या कोणत्याही ऑरेंज सिरपने याच्या जवळपाससुद्धा येऊ नये. आधी तो टिकवा : गाळून पुन्हा एक उकळी आणा, गरम असतानाच कोरड्या काचेच्या बाटलीत भरा, आणि निवला की फ्रिजमध्ये. बोटाला चिकट लागण्याइतका दाट असेल तर महिनाभर सहज राहतो. पातळ पाक आपल्या एप्रिलच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलात तर दोन दिवसांत फसफसेल. बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला की टाकायचा, उकळून वाचवायचा नाही.

पहिला मान केकचाच. ओव्हनमधून काढलेल्या गरम केकला टूथपिकने भोकं पाडा आणि कोमट पाक चमच्याचमच्याने, कडेकडून सुरुवात करून घाला. साध्या स्पंजला पाचसहा चमचे पुरे. रव्याचा केक मात्र अर्धी वाटी पिऊन 'अजून आहे का' विचारतो. ओतायची घाई करू नका. वर तळं साचलं की थांबा, जिरू द्या, मग पुढचा चमचा. रात्रभर झाकून ठेवलात तर सकाळी कापताना सुरीला ओलसर कण चिकटतात आणि वास पहिल्या दिवसापेक्षा चढलेला असतो.

केकच्या मिश्रणातच साखरेऐवजी घालायचा असेल तर पाकात पाणी आहे हे विसरू नका. जितका पाक घालाल त्या अंदाजाने दूध कमी करा, नाहीतर मधोमध केक बसतो.

दुसरी माझी आवडती गोष्ट शंकरपाळे. दूध-तूप-साखर गरम करतो त्यात साखरेच्या जागी हा पाक, आणि दूध निम्मं. बाकी नेहमीसारखं. तळताना आच मंदच ठेवा, पाकामुळे रंग लवकर येतो. खाणारा पहिल्या घासाला काही बोलत नाही, तिसऱ्याला विचारतो, "यात का टाकलं जी?"

सरबत कराल तर लिंबू हवंच. सालीच्या पाकात सुगंध असतो, आंबटपणा जवळजवळ नसतो, म्हणून नुसतं पाणी घातलं तर गुळमट लागतं. दोन चमचे पाक, अर्धं लिंबू, चिमूटभर काळं मीठ, गार पाणी किंवा सोडा. उन्हातून आलेल्या पाहुण्यासाठी एवढं पुरे. बिनदुधाच्या चहातही एक चमचा सुरेख लागतो.

श्रीखंडात मात्र घालू नका. मोठ्या मेहनतीने बांधून ठेवलेला चक्का पळीवाढा होतो. तिथे कँडीच बारीक चिरून घाला. आणि घरात मधुमेहाचं कुणी असेल तर हा पाक म्हणजे साखरच. संत्र्याचा आहे म्हणून त्यात फळाचा गुण शोधू नये.

प्रश्न : मागच्या वर्षीच्या कँडीच्या पाकाला फ्रिजमध्ये तळाशी खडीसाखरेसारखे खडे धरले. बिघडला का?
— एक वाचक, महाल

उत्तर : खडे धरणं म्हणजे बिघडणं नव्हे. पण मागच्या वर्षीचा आहे, तेव्हा आधी वास घ्या आणि वर बुरशीचा ठिपका आहे का पाहा. असेल तर द्या सोडून. ताज्या पाकाला खडे धरले तर दोन चमचे पाणी आणि लिंबाचे आठदहा थेंब घालून मंद आचेवर विरघळवा. आंबटामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, आणि अशी मिसळलेली साखर सहसा पुन्हा खडे धरत नाही. पुढच्या वेळी पाक करतानाच लिंबू पिळा.

प्रश्न : आमच्या अंगणात पपनसाचं झाड आहे. त्याच्या जाड सालींची कँडी करून उरलेला पाक मी सरबताला वापरते. यजमानांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. चालेल ना?
— एक वाचक, रामटेक

उत्तर : बरं झालं विचारलंत. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही भावंडं, आणि दोघांतही असे घटक असतात की आतड्यात औषध मोडणारं एक एन्झाइम त्यांच्यामुळे मंदावतं. मग गोळी रक्तात गरजेपेक्षा जास्त उतरते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांना हे लागू आहे, सगळ्यांना नाही. आपल्या नागपुरी संत्र्याबद्दल ही अडचण सहसा सांगितली जात नाही. पण पपनसाचं सरबत यजमानांना तूर्त देऊ नका. गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टना एकदा विचारा. तोवर बाटली फ्रिजमध्ये राहील, आणि बाकीच्या मंडळींनी ती संपवायला हरकत नाही.