समुद्र डावीकडे, वारा समोर: बिग सर मॅरेथॉनबद्दल वाचकांचे प्रश्न

कॅलिफोर्नियात बिग सरहून कार्मेलला जाणारा हायवे वन म्हणजे उजवीकडे डोंगर आणि डावीकडे कड्याखाली थेट पॅसिफिक. बिग सरमध्ये ‘कार्मेल २६ मैल’ अशी पाटी होती, आणि मॅरेथॉनही जवळपास तेवढीच, ४२.२ किलोमीटरची. ती पाहून बिल बर्ले या न्यायाधीशांना इथे मॅरेथॉन घ्यायची कल्पना सुचली आणि १९८६ साली पहिली शर्यत झाली. ती एप्रिलच्या शेवटच्या रविवारी असते आणि प्रवेश बहुतांशी सोडतीने मिळतो. बे एरियातले, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातले, मराठी धावपटू तिथे जातात, आता पुण्या-मुंबईहूनही विचारणा होते. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

पुणे: मुंबई फुल मॅरेथॉन ४ तास ३० मिनिटांत होते. साताऱ्याची हिल हाफही दोनदा केली आहे. बिग सरला ४:३०चंच लक्ष्य ठेवू का? आणि हरिकेन पॉइंट खरंच एवढा अवघड आहे का?

४:३० ठेवू नका. ४:४५ धरा, आणि वारा असेल तर ४:५०लाही समाधान माना. सपाट रस्त्यावरच्या वेळेपेक्षा इथे १० ते २० मिनिटं जास्त लागतात.

शर्यत रेडवुडच्या झाडीत सुरू होते. पहिले ८ किलोमीटर हलका उतार, सावली, वारा नाही. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. पाय ताजे असतात, ६:२४च्या पेसला (४:३०साठी किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद) श्वास लागत नाही म्हणून लोक ६:०५ने धावतात. झाडी संपली की माळरान लागतं, डावीकडे पॉइंट सरचा दीपगृहाचा डोंगर दिसतो आणि वायव्येचा वारा समोरून येतो. रस्ता उत्तरेला जातो, त्यामुळे हा वारा पुढे जवळजवळ शेवटपर्यंत तोंडावर असतो. म्हणजे आधी मिळवलेली दोन मिनिटं वाऱ्याला द्यायची आणि दमलेल्या पायांनी चढाच्या पायथ्याशी पोचायचं, असा हा सौदा होतो.

हरिकेन पॉइंटचा चढ १६व्या किलोमीटरला, लिटल सर नदीच्या पुलानंतर सुरू होतो. पायथ्याशी जपानी ताइको ढोल वाजत असतात, ते लांबूनच ऐकू येतात. तिथून साधारण ३.२ किलोमीटरमध्ये १६० मीटर चढायचं, म्हणजे सरासरी ५ टक्के. यवतेश्वरचा घाट धावून चढलेल्याला या आकड्याची भीती नको, साताऱ्यातला चढ याहून लांब आहे. फरक दोन आहेत. साताऱ्यात चढ संपला की घरी उतरायचं असतं. इथे माथ्यावर पोचल्यावर अजून २३ किलोमीटर उरतात. आणि इथे माथा उघडा आहे. नावातच वादळ आहे. शेवटच्या वळणावर झोत कधी कधी इतका जोराचा असतो की पाऊल तिरकं पडतं.

तुमच्या ६:२४च्या पेसला तेवढ्याच श्रमात या चढावर ७:४० ते ८:०० येईल. येऊ द्या. चार-पाच मिनिटं जातील, ती गेली असं आधीच लिहून ठेवा. घड्याळाकडे न पाहता श्वासाकडे लक्ष ठेवा: तीन-चार शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे. ते जमेना झालं की ३० पावलं चाला. वारा असेल तर आपल्याच वेगाच्या घोळक्याच्या मागे, एखाद-दीड मीटरवर राहा. एकट्याने पुढे निघण्यात काही अर्थ नाही.

माथ्यानंतरच्या उताराने एखादं मिनिट परत मिळतं, पाच मिळत नाहीत. आणि ती हिसकावून घ्यायला गेलात तर मांड्या ३० किलोमीटरच्या पुढे त्याची वसुली करतात. अर्ध्या अंतरावरच्या बिक्सबी पुलानंतर मोठा चढ नाही, पण सपाटही काही नाही. कार्मेल हायलँड्सपर्यंत रस्ता वरखाली होत राहतो, आणि ४०व्या किलोमीटरच्या आसपास एक शेवटची छोटी टेकडी असते. एरवी तिच्याकडे कुणी पाहिलंही नसतं.

ठाणे: तयारी कुठे आणि कशी करावी? येऊर पुरेसं आहे का?

येऊर चालेल. पुण्यात बोपदेव किंवा कात्रजचा जुना घाट. सिंहगडाचा रस्ता मात्र या शर्यतीसाठी फार उभा आहे, तिथे धावण्याऐवजी चालण्याचीच सवय होते.

आठवड्यातून एक दिवस चढाचा ठेवा, शर्यतीआधीच्या १२व्या आठवड्यापासून. सुरुवातीला ८०० मीटरचे चार चढ, सहाव्या आठवड्यापर्यंत सलग ३ किलोमीटरचा एक, नंतर दोन. पण खरी तयारी उताराची, आणि तीच बहुतेक जण सोडून देतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच भार झेलतो. त्याचे तंतू चढापेक्षा उतारावर जास्त दुखावतात. तीच इजा थोड्या प्रमाणात दोन-तीनदा आधी झालेली असली की स्नायू पुढच्या वेळी बराच सावरतो. म्हणून ४-५ टक्के उतारावर ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, छोटी पावलं, पाय शरीराच्या खाली पडेल असा. टाच पुढे टाकून ब्रेक मारत उतरू नका. शेवटचं जोरदार उताराचं सत्र शर्यतीच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही.

लाँग रनपैकी, म्हणजे लांब अंतराच्या सरावांपैकी, निदान तीन असे करा की चढ मध्यावर येईल. घाट पहिल्यांदा चढून मग सपाटीला धावलं तर पाय ताजे असताना चढ होतो, बिग सरला तसं होणार नाही. आधी १५ किलोमीटर, मग घाट, मग आणखी १०.

आणखी एक गोष्ट, जी नकाशावर दिसत नाही. ३४व्या किलोमीटरपासून हायलँड्सच्या वळणांवर रस्ता एका बाजूला कललेला आहे. एक पाय सतत खाली पडतो, कंबर तिरकी होते आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखं दुखू लागतं. तेव्हा रस्त्याचा त्यातल्या त्यात सपाट पट्टा शोधून तिथून धावा, वळणाची आतली कड धरून दहा मीटर वाचवू नका. तयारीत कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्याचा व्यायाम, १५चे तीन संच, आठवड्यातून तीनदा. तो करायला कंटाळा येतो, तरी करा. ३७व्या किलोमीटरला स्ट्रॉबेऱ्या मिळतात. त्या खाताना अनेकांना चालताही येत नसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हा कललेला रस्ता असतो.

नाशिक: वय ५४. माझा सपाटीचा पेस ८:१५ आहे. सहा तासांच्या मर्यादेत बसेन का? मला मध्येच बसमध्ये बसवलेलं आवडणार नाही.

ताई, हिशोब मांडूनच पाहू. सहा तास म्हणजे मैलाला १३:४४, किलोमीटरला ८:३२. तुमच्या ८:१५ने ५ तास ४८ मिनिटं होतात, म्हणजे हाताशी १२ मिनिटं. हरिकेन पॉइंटच्या चढावर १०:१५ लागले तर साडेसहा मिनिटं गेली. वळणं अगदी आतल्या बाजूने कुणी धावत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर जास्त होतो. आणखी चार गेली. उरलं दीड मिनिट, आणि अजून तुम्ही स्वच्छतागृहात गेलेला नाहीत, वाराही आलेला नाही.

रस्ता ठरलेल्या वेळी वाहनांना खुला करावा लागतो, त्यामुळे इथे मर्यादेत सवलत नसते. निर्धास्त धावायचं असेल तर सपाटीला ७:४५ने मॅरेथॉन होते, म्हणजे साधारण ५:२७, अशी खात्री हवी. अर्धं अंतर, म्हणजे बिक्सबी पूल, २:५०च्या आत यायला हवा. नसेल तर त्याच दिवशी २१ मैलांची शर्यतही असते, ती अँड्र्यू मोलेरा स्टेट पार्कपासून सुरू होते. हरिकेन पॉइंट, पूल, हायलँड्स सगळं तिच्यात आहे, फक्त रेडवुडचा सोपा भाग नाही. आमचं स्पष्ट मत: तुमच्या पेसला या वर्षी तीच घ्या.

रस्त्यावरचे फलक मैलांचे असतात. घड्याळ मैलांवर लावा आणि आपल्या मैलांच्या वेळा कागदावर लिहून बिबला (छातीवरच्या नंबरपट्टीला) टाचा. झाडीत जीपीएस थोडं चुकतं, तेव्हा फलक आणि घड्याळ जुळलं नाही तर फलकावर विश्वास ठेवा.

सनीवेल: भारतातून आईबाबा येणार आहेत. त्यांना मला पुलावर धावताना पाहता येईल का?

नाही. शर्यतीच्या वेळी हायवे बंद असतो आणि दुसरा रस्ता नाही. त्यांना कार्मेलला, शेवटच्या रेषेजवळ बसवा. किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आदल्या दिवशी तोंडी ठरवा. त्यांना स्वेटर आणि टोपी द्या. एप्रिल असला तरी सकाळचं धुकं गार असतं.

मुंबई: सुरुवात पावणेसातला, पण बस पहाटे चारच्या आसपास सुटते म्हणे. मग खायचं कधी? भारतातून किती दिवस आधी जावं?

बस लवकर सुटतात कारण रस्ता एकच आणि तो नंतर बंद होतो. सुरुवातीच्या जागी तास-दीड तास थंडीत उभं राहावं लागतं, ८-१० अंशांत. म्हणून खाणं दोन भागांत करा. तीनला उठल्यावर नेहमीच्या नाश्त्याचा निम्मा: ब्रेड आणि पीनट बटर, किंवा साधा उपमा. दुसरा भाग साडेपाचला: केळं आणि राजगिऱ्याची वडी. शेंगदाण्याचा लाडू नको, तुपा-तेलाचं पोटात रेंगाळतं. भारतातून नेलेले खाण्याचे जिन्नस विमानतळावर न चुकता जाहीर करा, बंद पाकिटातलं कोरडं खाणं सहसा अडवत नाहीत.

अंगावर फेकून देता येईल असा जुना स्वेटर आणि वर कचऱ्याची मोठी पिशवी, डोकं-हातांसाठी भोकं पाडून. ती वारा अडवते. हातमोजे ठेवा, बोटं बधिर झाली की धावताना खायच्या साखरेच्या जेलचं पाकीट फाटत नाही. टोपी सैल असेल तर ती हरिकेन पॉइंटला समुद्राची झाली समजा, कानांपर्यंत येणारा बफ (डोक्याला घट्ट बसणारा कापडी पट्टा) बरा.

एप्रिलमध्ये कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असतं. तिथले पहाटेचे तीन म्हणजे इथले दुपारचे साडेतीन, त्यामुळे उठणं जड जात नाही. त्रास होतो तो सकाळी दहा वाजता, जेव्हा शरीराला रात्रीचे साडेदहा वाटतात आणि तुम्ही नेमके ३०व्या किलोमीटरच्या आसपास असता. आठवडाभर आधी पोचा, रोज सकाळी उन्हात अर्धा तास फिरा. व्हिसा आधी, सोडतीचा अर्ज नंतर. मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागू शकतात.

पणजी: आमच्या हवेत दर स्टॉलला दोन ग्लास पाणी लागतं. तिथेही तेवढंच प्यायचं का?

मुळीच नाही, आणि ही सवय धोक्याची ठरू शकते. गोव्यात दमट हवेत घाम तासाला लिटरभर जातो. तिथे १०-१२ अंशांत बराच कमी जातो. तरी सवयीने पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं: बोटं फुगतात, अंगठी रुतते, मळमळतं, डोकं दुखतं, पुढे गोंधळल्यासारखं होतं. पाच-सहा तास धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण त्यांना प्यायला वेळही जास्त मिळतो. तहान लागेल तेवढंच प्या, तासाला ३०० ते ५०० मिली बहुतेकांना पुरतं. कर्बोदकं मात्र कमी करू नका: तासाला ४५ ग्रॅम, म्हणजे दोन जेल किंवा आठ साधे खजूर. चढाच्या पायथ्याशी, ढोल ऐकू आले की एक घ्या. चढावर खाता येत नाही.

डोंबिवली: पुलावर थांबून फोटो काढला तर लय बिघडते का?

एक मिनिट थांबल्याने काही होत नाही. १९३२ सालचा हा काँक्रीटचा कमानी पूल सुमारे २१८ मीटर लांब आणि ८० मीटर उंच आहे, पलीकडच्या टोकाला ग्रँड पियानो वाजत असतो. उतरताना तो आधी ऐकू येतो, मग दिसतो. मागून येणाऱ्यांना हात दाखवून कडेला व्हा, फोटो काढा आणि निघा. पाचेक मिनिटं रेंगाळलात तर घामाच्या कपड्यांतून वारा शिरतो आणि पोटऱ्या आखडतात.

रत्नागिरी: आमच्याकडे पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतात. तिथे तसं झालं तर शर्यत रद्द होते का?

तिथेही हीच गोष्ट, फक्त पावसाळा हिवाळ्यात असतो. भुसभुशीत डोंगर, खालून लाटा, आणि पावसाने भिजलेली माती घसरली की रस्ताच जातो. २०११च्या मार्चमध्ये रॉकी क्रीक पुलाजवळ रस्त्याचा तुकडा समुद्रात गेला, २०२४च्या मार्चअखेरीस त्याच परिसरात एक लेन खचली. दोन्ही वर्षी शर्यत झाली, पण कार्मेलहून निघून तिथेच परत येण्याच्या मार्गावर. हरिकेन पॉइंट आणि बिक्सबी पूल त्यात नव्हते.

म्हणून राहायची सोय बिग सरमध्ये करू नका. रस्ता तुटला तर तुम्ही तुटलेल्या बाजूला अडकाल. मॉन्टेरे, सीसाइड किंवा मरीना बघा, खिशालाही ते बरं. आरक्षण रद्द करता येईल असं घ्या. आणि मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून आयोजकांची पत्रं रोज वाचा, कारण मार्ग बदलला तर बसची जागा आणि वेळही बदलते.