टर उडवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

पुढे नावाजलेला अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन याच्या ‘द डेलिंक्वन्ट्स’ या बालगुन्हेगारांवरच्या सिनेमावरचा तुझा लेख वाचला. पहिल्या दोन परिच्छेदांत सिनेमाची मनसोक्त टर उडवली आहेस आणि शेवटी ‘थोर दिग्दर्शकाची चाहूल इथेच लागते’ म्हणत लोटांगणही घातलं आहेस. दोन्ही एकाच लेखात कसं खपेल? टर उडवणं सोपं, कारण सिनेमा १९५७ चा, कृष्णधवल आणि तुटपुंज्या पैशांतला. लोटांगणही सोपंच, कारण पुढे त्या माणसाने काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. ऑल्टमन हे नाव कधी कानावर पडलंच नसतं, तर या ७२ मिनिटांत तुला काय दिसलं असतं? तेवढंच आधी कागदावर उतरव.

सिनेमा कुठून आला हे तू एका ओळीत उरकलंस, तिथे थोडं थांबायला हवं होतं. १९५५ साली ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ आणि ‘रिबेल विदाउट अ कॉज’ हे बिथरलेल्या पोरांवरचे सिनेमे जोरात चालले. बालगुन्हेगारीवर अमेरिकन सिनेटची उपसमिती सुनावण्या घेत होती, आईबाप धास्तावले होते आणि पोरं ड्राइव्ह-इनमध्ये गर्दी करत होती. (मुंबईत वांद्र्याला एके काळी होतं ना, तसलं गाडीत बसून सिनेमा बघायचं थिएटर.) कॅन्सस सिटीतल्या थिएटरवाल्या घराण्यातल्या एल्मर रोडन ज्युनियरने हा वारा ओळखला, सुमारे ६३ हजार डॉलर उभे केले आणि गावातल्याच माणसाला सिनेमा करायला सांगितलं. ऑल्टमन तेव्हा तिथल्या कॅल्व्हिन कंपनीत कारखान्यांसाठी माहितीपट काढायचा. पटकथाही त्याचीच. नायकाच्या धाकट्या बहिणीचं काम त्याच्या स्वतःच्या मुलीने केलंय, यावरून काटकसरीची कल्पना येईल. तयार सिनेमा पुढे युनायटेड आर्टिस्ट्स या वितरण कंपनीने दीड लाख डॉलरला उचलला. म्हणजे हा मुळात धंद्याचा माल होता. त्यात कमीपणा काही नाही, पण माल म्हणून काय मागणी होती हे सांगितल्याशिवाय दिग्दर्शकाने त्यात स्वतःचं काय घातलं ते वाचकाला कळणार नाही.

आता निवेदन. सुरुवातीला आणि शेवटी तो भारदस्त आवाज बालगुन्हेगारीला कर्करोगाच्या पंगतीला बसवतो, त्यावर तू पाऊण परिच्छेद खर्च केलास आणि सगळं खापर ऑल्टमनवर फोडलंस. ते निवेदन वितरकांनी नंतर चिकटवलेलं आहे. ते वाईटच आहे, पण कुणाचं पाप कुणाच्या माथी मारतोय याचं भान परीक्षण लिहिणाऱ्याला हवं. उलट जे खरोखर ऑल्टमनचं पाप आहे ते तू सोडून दिलंस. ड्राइव्ह-इनवर एक टोळकं नायकाला, म्हणजे स्कॉटीला, भलताच कुणी समजून मारायला धावतं आणि नेमकी चॉली या गुंडाची टोळी त्याला वाचवते. पुढची सगळी गोष्ट या एका गैरसमजावर उभी आहे. इथे बजेटची सबब चालत नाही. योगायोग टाळायला पैसे लागत नाहीत.

सगळ्यात उत्तम प्रसंग तर तुझ्या नजरेतून निसटलाच. स्कॉटीची मैत्रीण जॅनिस सोळा वर्षांची आहे, तिचे आईबाप स्कॉटीशी भेटायला मनाई करतात. मग चॉली शहाण्या मुलासारखा तिच्या दारात उभा राहतो, वडिलधाऱ्यांशी अदबीने बोलतो आणि तिला राजरोस बाहेर घेऊन जातो. ‘काका, नमस्कार’ म्हणत घरात शिरणारा असा नग आपल्याही प्रत्येक गल्लीत असतो. आईबापांनी साध्या मुलाला हाकललं आणि गुंडाला हसून दार उघडलं. त्या निवेदनातल्या सगळ्या उपदेशापेक्षा हे एक दृश्य जास्त बोलतं. पुढे जबरदस्तीने दारू पाजणं, पेट्रोल पंपावरची लूट, अपहरण अशी रांग लागली की पटकथा हा धागा विसरते. जॅनिसला तर पळवून नेलं जाण्यापलीकडे कामच उरत नाही. ही माझी खरी तक्रार आहे, आणि तुझी का नाही याचं मला नवल वाटलं.

स्कॉटी झालेल्या टॉम लाफलिनबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. पंचविशीतला माणूस अठराचा दाखवायचा आणि वर त्याने ‘रिबेल’मधल्या जेम्स डीनसारखे खांदे पाडून पुटपुटायचं, हे आज बघवत नाही. पीटर मिलरचा चॉली त्याच्याहून कितीतरी सहज आहे.

पैसा नसण्याचा फायदाही झालाय, तो बघ. सेट बांधायची ऐपत नव्हती म्हणून खरं गाव कॅमेऱ्यात आलं. त्या काळातल्या मध्यम अमेरिकेच्या बैठकीच्या खोल्या, रस्ते, गाड्या. रिकाम्या घरातली पार्टी पुन्हा लाव. पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळतायत, कोण काय बोलतंय ते धड कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. तिथे सिनेमा गोष्ट सांगायचं विसरून नुसता बघत बसतो, आणि तिथेच तो जिवंत होतो.

आणि सुरुवातीचा क्लब! ज्युलिया ली गातेय. कॅन्सस सिटीच्या जॅझमधली नावाजलेली कृष्णवर्णीय गायिका आणि पियानोवादक. सिनेमानंतर दोन वर्षांच्या आतच, १९५८ च्या डिसेंबरात, ती गेली. गोष्टीच्या दृष्टीने तिचं तिथे काही काम नाही. गावचा दिग्दर्शक होता म्हणून त्याला ती ठाऊक होती, एवढंच. हॉलिवूडच्या माणसाने तिथे कुणी भाडोत्री गायिका बसवली असती. तू ‘एक गाणं होतं’ असं लिहून पुढे गेलीस. तिचं नाव लेखात यायलाच हवं.

हिचकॉकने पुढे ऑल्टमनला आपल्या दूरदर्शन मालिकेसाठी काम दिलं, हे शेवटी एका वाक्यात सांग, फुशारकी न मारता.

लेख पुन्हा लिही. निवेदनाचा परिच्छेद निम्मा कर, चॉली दारात येतो तो प्रसंग दुप्पट कर. ‘बी-ग्रेड’ हा शब्द पाच वेळा आलाय, एकदाही नको. रविवारपर्यंत पाठवलास तर सोमवारी लाल पेन घेऊन बसतो.

तुझा,
सर