पहिली ट्रान्सफर? आधी डीलरला फोन करा

पहिली बंदूक ऑनलाइन घेताय, अभिनंदन! पण पैसे भरण्याआधी जवळच्या एफएफएल डीलरला, म्हणजे केंद्रीय परवाना असलेल्या बंदूक विक्रेत्याला, फोन करा. अमेरिकेत ऑनलाइन घेतलेली बंदूक त्याच्याकडे येते आणि तो चेक करून ती तुमच्या हातात देतो, यालाच ट्रान्सफर म्हणतात. ट्रान्सफर फी किती घ्यायची, हे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ठरवलेलं नाही. एकाच गावात कोणी २५ डॉलर घेतो, कोणी ७५.

फोनवर एवढं विचारा:
- सगळं धरून किती? काही राज्यं बॅकग्राउंड चेकचे वेगळे पैसे लावतात.
- एका खोक्यात दोन बंदुका आल्या तर दुसरीचे किती?
- चेकमध्ये नकार आला तर फी परत मिळते का?

मी पहिल्या वेळी विचारलं नव्हतं. रायफलवर वाचवलेले ४० डॉलर काउंटरवरच गेले.

फॉर्म ४४७३ वर (बंदूक घेताना डीलरकडे भरायचा केंद्रीय फॉर्म) सही करण्याआधी खोकं उघडायला लावा. बॅरलच्या तोंडापासून दस्त्यापर्यंत नीट बघा, सिरियल नंबर बिलाशी ताडून घ्या. एकदा बंदूक तुमच्या नावावर चढली की परत करणं फार अवघड.

ओळखपत्रावर जुना पत्ता असेल तर आधी बदला, नवीन लोक हमखास इथेच अडकतात. आणि एच-१बी वर्क व्हिसावर असाल तर थांबा: वैध शिकार परवान्यासारखा अपवाद नसेल तर बंदूक घेणं गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.